ढगांवरून गेलेलं स्थानक

मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये नोकरीला आहे. हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं रेडिओवर बोलायचा, परवाना काढलाय, म्हणून वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका शाळेनं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक दाखवायला बोलावलं. जुलै महिना. गच्चीवर चाळीसेक मुलं, आणि वर एकही फट नसलेलं आभाळ. "दिसणार नाही, तर सोडू या मुलांना," बाई म्हणाल्या. मला याचा फार राग येतो. ढग प्रकाश अडवतात, रेडिओ लहरी नाही, हे वर्गात आपणच शिकवतो ना!

पीव्हीसी पाइप आणि स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे जोडून केलेली यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची, अँटेना मी सातवीतल्या एका मुलीच्या हातात दिली. स्थानक सुमारे ४०० किमी उंचीवरून ताशी २८,००० किमी वेगानं जातं. नैर्ऋत्येला उगवलं की दहाएक मिनिटांत ईशान्येला मावळतं. तेवढ्या वेळात डॉप्लरच्या, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे बदलत जाणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या, मागे धावायचं. आपला आवाज पकडून पुन्हा खाली पाठवणारा स्थानकावरचा रिपीटर ४३७.८०० मेगाहर्ट्झचा, पण येताना ऐकू येतो ४३७.८१० वर आणि जाताना उतरतो ४३७.७९० पर्यंत. डोक्यावर असताना हा उतार इतका झपाट्याचा असतो की डायलची एक पायरी चुकली तरी आवाज फाटतो. आणि आवाज बुडाला तर अँटेना मनगटातून काटकोनात फिरवायची. हे तिला मी एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा आवाज बुडाला तेव्हा तिनं आपणहून मनगट वळवलं!

वर बोलायच्या १४५.९९० मेगाहर्ट्झवर मी माझी कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरची ओळख, दिली. खरखर झाली, मग दिल्लीकडचं कुणीतरी म्हणालं, "वडोदरा, फाइव्ह नाइन." म्हणजे आवाज अगदी स्वच्छ. गच्ची दणाणली.

"सर, मी बोलू?" अँटेना धरलेल्या मुलीनं विचारलं.

"नाही. परवाना माझ्या नावावर आहे."

नियम योग्य आहे, आजही हेच म्हणेन.

"मग तुम्ही माझं नाव सांगा ना!"

मी डायलमध्ये गुंतलो होतो. "थांब," म्हणालो. पुन्हा बटण दाबलं तोवर पलीकडे नुसती खरखर उरली होती. नाव सांगायला कितीसा वेळ लागला असता? दोन सेकंद.

जिन्यात तिनं अँटेना परत दिली, एकही पट्टी वाकू न देता. स्थानकाची पुढची फेरी दीड तासानं, वायव्येला क्षितिजालगत होती. मी एकटाच वर थांबलो. कॉलसाइन दिली, मग तिचं नाव घेतलं. समोर इमारतीच इमारती. उत्तर आलं नाही.