सोमकुवर आणि पावडे

आमच्या शाळेत आठवीला संस्कृत घ्यावे की नाही, हा प्रश्न घरोघरी गुणांच्या हिशोबाने सुटत असे. संस्कृतात पैकीच्या पैकी मिळू शकतात, एवढे कारण माझ्या आईबाबांना पुरेसे होते, आणि मी 'रामः रामौ रामाः' घडाघडा म्हणू लागलो याचे आजीला भारी कौतुक होते. तू ही भाषा कशासाठी शिकतोस, असे मला कधीच कोणी विचारले नाही. हे न विचारणे म्हणजे काय असते, ते दलित लेखिका कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' हे आत्मकथनपर पुस्तक वाचल्यावर कळले.

1981 साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची एक जुनी प्रत मला सीताबर्डीत रद्दीच्या भावात मिळाली. पावडे नागपूरच्याच; 1938 साली एका महार कुटुंबात जन्मलेल्या. 1942 च्या जुलैमध्ये ज्या शहरात बाबासाहेबांनी दलित महिलांच्या परिषदेत हजारो बायकांना, मुलांना शिकवा, असे कळकळीने सांगितले, त्याच शहरात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. पुस्तकातला त्यांच्या संस्कृतचा लेख मी निदान पाच वेळा वाचला असेन. त्यात गोखले गुरुजी आहेत. त्यांचा सनातनी पेहराव पाहून हे आपल्याला शिकवायला नकारच देणार, असे त्या मुलीने मनाशी धरलेले असते आणि नाव सांगताना तिचा जीव मुठीत असतो. कुमुद सोमकुवर. आमच्या विदर्भात नुसते नाव सांगून भागत नाही, 'पूर्ण नाव सांग' असे लगेच पुढे येते, आणि आडनाव कळले की समोरच्याला हवे ते सगळे कळते. गुरुजींना ते कळले आणि तरीही त्यांनी तिला काही हातचे न राखता शिकवले. माझ्या प्रतीत आधीच्या कोणा वाचकाने नेमक्या याच भागाखाली पेन्सिलीने जाड रेघा ओढल्या आहेत.

पुढच्या पानांवर मात्र एकही रेघ नाही. विद्यापीठात संस्कृतचे नामांकित प्राध्यापक भेटतात, पण या विद्यार्थिनीने संस्कृत शिकणे त्यांना रुचत नाही आणि ते ती नाराजी लपवतही नाहीत. तरी त्या एम.ए. होतात. लोक कौतुक करतात, सत्कार होतात, पण नोकरी काही मिळत नाही. संस्कृतात एम.ए. झालेल्या दलित मुलीचे कौतुक करणे सोपे होते. तिच्याकडून आपल्या मुलांनी कालिदास शिकावा, ही गोष्ट वेगळी होती. मग त्या आंतरजातीय विवाह करतात, सोमकुवरच्या पावडे होतात, आणि थोड्याच दिवसांत सरकारी महाविद्यालयात अधिव्याख्याता म्हणून नेमणूक होते.

खडतर परिस्थितीवर मात केलेल्या लेखकांवर लिहिताना आपण सहसा इथे पोचलो की टाळ्या वाजवून थांबतो. पावडे स्वतः थांबत नाहीत, आणि मला त्यांचे मोठेपण पदवीपेक्षा इथे अधिक दिसते. ही नेमणूक कुमुदला नव्हे, पावडे या आडनावाला मिळाली, सोमकुवर अजून वंचितच आहे, असा निवाडा त्या स्वतःच्याच यशावर देतात. आपल्या कष्टांचे श्रेय आपल्याच हाताने बाजूला ठेवायला केवढे धैर्य लागत असेल! त्या पुढे दलित स्त्रियांच्या चळवळीत राहिल्या, 2023 मध्ये गेल्या. एकाच शहरात राहूनही माझी त्यांची भेट झाली नाही, याची रुखरुख आहे.

मध्यंतरी एका स्नेह्याला त्यांच्याविषयी सांगत होतो. गोखले गुरुजी रंगवून सांगितले, एम.ए. सांगितले, प्राध्यापकपद सांगितले. तो म्हणाला, "वा, फारच प्रेरणादायी." घरी येऊन पुस्तक उघडले तेव्हा लक्षात आले की आडनावाचा भाग मी त्याला सांगितलाच नव्हता.