तुम्ही विचारलंत म्हणून: रेसिडेन्सी कोऑर्डिनेटरने शिकायचं तरी काय?

हा प्रश्न मला सारखा येतो, बहुतेक वेळा नवीन लागलेल्या मुलींकडून, कधी मेसेजवर, कधी इन्स्पेक्शनच्या गडबडीत फोनवर. "ताई, मी हॉस्पिटलच्या ॲकॅडमिक सेक्शनला लागलेय, पीजी आणि डीएनबीचं सगळं मीच बघते, पण ह्यात पुढे काय? आपल्यासाठी एखादा कोर्स असतो का?" प्रत्येकीला थोडं थोडं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. एमबीबीएस झाल्यावर पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, एमडी, एमएस किंवा डीएनबी (नॅशनल बोर्डाची पदवी) करणारा डॉक्टर तीन वर्षं हॉस्पिटलमध्ये रेसिडेंट असतो, काम पण करतो आणि शिकतो पण. त्या तीन वर्षांचा सगळा कागद, म्हणजे ॲडमिशन, एमएमसीचं (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं) रजिस्ट्रेशन, स्टायपेंड, रजा, पोस्टिंग, लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही), सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा), थीसिस, परीक्षेचा फॉर्म, हे सगळं ज्या टेबलावरून जातं ते टेबल आमचं. कुठे आम्हाला कोऑर्डिनेटर म्हणतात, कुठे पीजी सेक्शनचा क्लार्क, कुठे नुसतं ऑफिसमधल्या मॅडम. मुंबईत आमच्यातल्या बऱ्याच जणी बीकॉम, बीए करून बिलिंगमधून नाहीतर एचआरमधून इकडे आलेल्या असतात, आणि पहिल्या दिवशी कपाटाची किल्ली आणि पासवर्डची वही मिळते, शिकवायला कोणी बसत नाही.

तर आधी कोर्सचं सांगते. अमेरिकेत ह्या कामाला स्वतःची ओळख आहे. तिथे रेसिडेन्सी प्रोग्रामना मान्यता देणारी एसीजीएमई नावाची संस्था आहे, १९८१ पासूनची, आणि तिच्या नियमांत प्रत्येक प्रोग्रामला कोऑर्डिनेटर असलाच पाहिजे असं लिहिलंय, हा माणूस लीडरशिप टीमचा भाग आहे असंही लिहिलंय, आणि त्याच्या प्रोफेशनल डेव्हलपमेंटला प्रोग्रामने आणि संस्थेने प्रोत्साहन द्यावं हेसुद्धा. त्यांच्या वार्षिक कॉन्फरन्समध्ये कोऑर्डिनेटर्ससाठी वेगळी सेशन्स होतात, टॅग्मी नावाच्या बोर्डाचं सर्टिफिकेशन मिळवता येतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण आपण रोज जे करतो त्याला कौशल्य लागतं हे कुणीतरी चक्क नियमात लिहून ठेवलंय. पण ते सर्टिफिकेशन तिकडच्या व्यवस्थेवर उभं आहे, म्हणजे त्यांचं मॅच (डॉक्टरांना रेसिडेन्सीच्या जागा वाटायची पद्धत), २००३ पासूनची आठवड्याला ८० तासांची मर्यादा वगैरे. आपल्या टेबलावर येणारे प्रश्न वेगळे आहेत, त्यामुळे ते नाही म्हणून अडून बसू नका.

आपल्याकडे शिक्षकांना प्रमोशनसाठी मेडिकल एज्युकेशनचा बेसिक कोर्स आणि रिसर्चचा कोर्स लागतो, म्हणून कॉलेज त्यांना सुट्टी देऊन पाठवतं. आमच्या पदाला तशी अट नाही, म्हणून आम्हाला कोणी पाठवत नाही. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचं शिक्षण आहे, देवनारच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये) आहे, ते चांगलंच आहे, आणि ज्यांना पुढे ॲडमिनमध्ये जायचंय त्यांनी जरूर करावं. पण त्याने रेसिडेन्सीचं काम येत नाही. रेसिडेन्सीचं काम येतं नियम मुळातून वाचल्याने, आणि माझं सगळं उत्तर खरं तर इथेच सुरू होतं.

मुळातून म्हणजे फॉरवर्ड नाही, कोणी सांगितलेलं नाही, गॅझेटची पीडीएफ. २५ सप्टेंबर २०२० ला जुनी मेडिकल कौन्सिल जाऊन एनएमसी (नॅशनल मेडिकल कमिशन) आली, आणि पीजीचे २००० सालचे नियम जाऊन २०२३ चे आले, तरी आजही कित्येक डिपार्टमेंट्समध्ये "आमच्या वेळी असं होतं" ह्यावरच कारभार चालतो. माझ्या ओळखीच्या एका कोऑर्डिनेटरकडे एक जेआर टू (दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट) आली होती, तिच्या आईचं साताऱ्याला ऑपरेशन होतं आणि डिपार्टमेंटमधून तिला सांगितलं होतं की पीजीला रजा नसतेच. ह्या मुलीने (कोऑर्डिनेटरने) काही वाद घातला नाही, २०२३ च्या नियमांतलं ते पान काढलं, वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा, शिवाय ५ दिवस ॲकॅडमिक रजा, आणि हजेरी ८० टक्के पाहिजे, ह्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली, सोबत त्या रेसिडेंटच्या आतापर्यंतच्या हजेरीचा तक्ता लावला आणि अर्जाला जोडून एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) पाठवलं. सरांनी वाचलं आणि सही केली. सर वाईट नव्हते, त्यांच्यासमोर ते पान कधी आलंच नव्हतं. ही ताकद कुठल्या डिग्रीने येत नाही.

मुंबईत तर हे आणखी गरजेचं आहे कारण एकाच कॉरिडॉरमध्ये दोन दोन नियम चालू असतात. एमडी, एमएसवाल्यांचं विद्यापीठ नाशिकचं, एमयूएचएस (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ), आणि वर एनएमसी. डीएनबीवाल्यांचं दिल्लीचं नॅशनल बोर्ड, जे १९८२ पासून आहे, त्यांचं रजेचं गणित वेगळं, वर्षाला ३० दिवस, थीसिसचा प्रोटोकॉल जॉईन झाल्यापासून ९० दिवसांत पाठवायचा, फॉर्मेटिव्ह असेसमेंट (कोर्स चालू असतानाची चाचणी) वेगळी. शेजारी शेजारी ड्युटी करणारे दोघं सेम प्रश्न विचारतात आणि दोघांना उत्तर वेगळं द्यायचं असतं. त्यात प्रत्येक सर्क्युलर कुठल्या बॅचपासून लागू ते वेगळं. म्हणून माझा आग्रह आहे की एक रजिस्टर करा, सर्क्युलरची तारीख, कोणी काढलं, कुठल्या बॅचला लागू, आणि त्याने आधीचं कुठलं रद्द झालं. हा शेवटचा रकाना लोक ठेवत नाहीत आणि सगळा घोळ तिथेच होतो. सुरुवातीला गॅझेटची इंग्रजी जड जाते, एकेक वाक्य अर्धा पान चालतं, पण रोज एक पान वाचलंत, लोकलमध्ये सीट मिळाली की वाचलंत, तरी एका बॅचच्या आत तुमच्याकडे एचओडी विचारायला येतील.

दुसरं म्हणजे थीसिस. बऱ्याच जणींना वाटतं तो डॉक्टरांचा विषय, आपण फक्त जावक नंबर टाकायचा. तसं नाहीये. विषय ठरला, गाईडची (थीसिसला मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांची) सही झाली, सायंटिफिक कमिटी, मग एथिक्स कमिटी, आणि क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (ट्रायल नोंदवायच्या सरकारी रजिस्टरवर) नोंदणी, हा क्रम चुकला की मागे जाता येत नाही. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय ट्रायल सुरू झाल्यावरची नोंदणी घेत नाही. नोंदणी फुकट आहे, पण एथिक्सचं पत्र लागतं, आणि एथिक्सची मीटिंग कधी आहे हे रेसिडेंटला माहीत नसतं, तुम्हाला असतं. दिवसरात्र ड्युटी करणाऱ्या पोराला पुढच्या मीटिंगची तारीख आधीच सांगणं, ह्यात त्याचे महिने वाचतात. थीसिस परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा असतो, तो दिवस कॅलेंडरवर ठेवून उलटं मोजत या म्हणजे कळेल की सगळ्याची सुरुवात पहिल्याच वर्षी करावी लागते.

हे शिकायला एक सोपा रस्ता आहे. चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयईचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजीचा) बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाईन बेसिक कोर्स पीजींना कम्पल्सरी आहे. त्यातली लेक्चर्स तुम्हीही बघा, एखाद्या रेसिडेंटबरोबर बसून बघा. सगळी स्टॅटिस्टिक्स कळायची गरज नाही, पण सॅम्पल साईझ म्हणजे काय आणि संमतीपत्रक का लागतं हे समजलं की एथिक्सकडे जाणाऱ्या फाईलमध्ये काय कमी आहे ते तुमच्याच नजरेला दिसतं. मराठी संमतीपत्रक तर मोठ्याने वाचून बघाच. पेशंटला समजेल असं आहे का हे ठरवायला तुमच्याइतका योग्य माणूस त्या ऑफिसमध्ये नसेल.

एक्सेल शिका हे सगळेच सांगतात, मी पण सांगते. एका रेसिडेंटची एक ओळ, आणि तिच्यात तीन वर्षांच्या सगळ्या तारखा, डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीसकट (जिल्ह्याच्या हॉस्पिटलमधल्या पोस्टिंगसकट), कारण तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरला ते तीन महिने बाहेर जाणार, कोणी पालघरला कोणी अलिबागला, आणि त्याच वेळी डिपार्टमेंटला रोस्टर लावायचं असतं. तारीख जवळ आली की रंग बदलेल एवढं कंडिशनल फॉरमॅटिंग जमलं तरी पुष्कळ झालं.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. रेसिडेंटला गाईडसमोर रडता येत नाही, गाईड मार्क देतो. सीनियरसमोर येत नाही, सीनियर ड्युटी लावतो. घरी फोन केला तर आईबाबा काळजीने अर्धे होतात. मग तो स्टायपेंडचा फॉर्म घेऊन तुमच्याकडे येतो आणि फॉर्म देऊन झाल्यावरही जात नाही. हे ओळखायला शिकणं हे आपल्या कामातलं सगळ्यात मोठं शिक्षण आहे असं मला वाटतं. जो नेहमी लवकर यायचा तो चारदा बोलावून येत नाही, लॉगबुक एकदम कोरं राहायला लागतं, सीट सोडली तर बॉन्डचे किती भरावे लागतील हे सहज विचारल्यासारखं विचारतो. ह्या खुणा आपल्याला डॉक्टरांच्या आधी दिसतात कारण कागद आपल्याकडे असतात. अशा वेळी सल्ले द्यायचे नाहीत, "अरे तीन वर्षं काय, अशीच निघून जातात" तर अजिबात म्हणायचं नाही, दार लोटून घ्यायचं, बसवायचं, ऐकायचं, आणि पुढे कोणाकडे न्यायचं ते आपल्याला आधीपासून ठाऊक पाहिजे. टेली-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा) १४४१६ नंबर २४ तास चालू असतो आणि फुकट आहे. रॅगिंग असेल तर अँटी-रॅगिंग हेल्पलाईन १८००-१८०-५५२२. लैंगिक छळ असेल तर हॉस्पिटलची इंटर्नल कमिटी, तिच्या अध्यक्षांचा नंबर टेबलाच्या काचेखाली हवा. आणि जीवाचं बरंवाईट करायची भाषा आली तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याच क्षणी सायकिअॅट्रीच्या ऑन-कॉल डॉक्टरला बोलवायचं. तुमच्या हॉस्पिटलमध्ये सायकिअॅट्री डिपार्टमेंट असेलच, त्यांना सांगून तुमच्या सेक्शनसाठी तासाभराचं सेशन मागा, ते नाही म्हणत नाहीत असा माझा अनुभव आहे. एनएमसीच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये मेडिकल विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर रिपोर्ट दिलाय, तोही वाचा. आणि रेसिडेंटने सांगितलेलं चहाच्या टेबलावर न्यायचं नाही. ते एकदा फुटलं की पुढची दहा वर्षं कोणी तुमच्याकडे येणार नाही.

एकटीने हे सगळं होत नाही. इतर हॉस्पिटलमधल्या कोऑर्डिनेटर्सशी ओळख ठेवा, दादर, परळ, सायन ह्या पट्ट्यात एवढी हॉस्पिटलं आहेत, महिन्यातून एखाद्या शनिवारी चहाला भेटलात तरी अर्ध्या शंका तिथेच मिटतात. फॉरमॅट खुशाल द्या, चेकलिस्ट द्या, पण रेसिडेंटची नावं, मार्क, रजेची कारणं असलेली शीट कधीच कोणाला पाठवू नका, २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा नसता तरी नको.

राहिलं हॉस्पिटलकडून काय मागायचं ते. ॲप्रेझलच्या फॉर्ममध्ये ट्रेनिंगचा रकाना असतो, तो आपण सगळ्या जणी रिकामा सोडतो. ह्या वर्षी भरा. मेडिकल एज्युकेशन युनिटच्या वर्कशॉपला निरीक्षक म्हणून बसू द्या असं लेखी मागा, ॲकॅडमिक कमिटीच्या मीटिंगला नुसती मिनिट्स लिहायला न बोलवता अजेंडा बनवतानाच बोलवा असं मागा, आणि पदाचं नाव क्लार्क असेल आणि काम कोऑर्डिनेटरचं असेल तर कामांची यादी जोडून पद बदलायचा अर्ज करा. मी आमच्याकडे ट्रेनिंगच्या खर्चासाठी अर्ज केलाय, तो अजून फिरतोय. तुमच्यापैकी कोणाच्या हॉस्पिटलने असा खर्च मंजूर केला असेल तर कुठल्या हेडखाली केला आणि सही कोणाची लागली ते मला कळवा, मला तो दाखला माझ्या फाईलला जोडायचाय.