मरणपंथाला लागलेली डिस्क आणि जवारीची रेकॉर्डिंगं

हार्ड डिस्क बिघडू लागली की जो तो ती दुरुस्त करायच्या मागे लागतो. माझं म्हणणं एवढंच, की आधी जे आहे ते बाहेर काढा, दुरुस्तीचं नंतर बघू. बिघडलेली डिस्क अजून किती तास चालेल ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून त्या तासांत तिच्याकडून काय वाचून घ्यायचं आणि कोणत्या क्रमानं, यावर सगळं ठरतं.

मिरजेला आमचे एक काका आहेत. नात्यातले नव्हेत, वडिलांचे मित्र. मिरजेत तंबोरे-सतारी बनवणाऱ्या जुन्या कारागिरांकडे बसून त्यांनी वर्षानुवर्षं रेकॉर्डिंग केलंय. भोपळा कसा निवडायचा, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस किती फिरवायची, जवारी, म्हणजे त्यातून उठणारा तारेचा झंकार, उघडी ठेवायची की बंद, हे सगळं कारागिरांच्याच तोंडून. त्यातले काही जण आता हयात नाहीत. सुरुवातीच्या कॅसेटना बुरशी लागली, त्या कॉम्प्युटरवर उतरवून झाल्यावर टाकून दिल्या. सगळं एका एक टेराबाइटच्या बाहेरून जोडायच्या डिस्कवर. काका म्हणाले, "डिस्क दिसते रे, पण फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लावते. दुकानवाला म्हणतो चेकडिस्क मारू."

"काका, काही मारू नका. आधी डिस्कची केबल काढा, मी येतो."

चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन वाईट नाही, पण त्याचं काम फाइल-व्यवस्था जुळवणं हे आहे. त्यासाठी ते त्याच डिस्कवर लिहितं. वाचता न येणारी नोंद दिसली तर ती तोडून टाकतं, आणि पूर्ण पृष्ठभाग तपासायला सांगितलं तर डिस्क वाचणाऱ्या, मोडकळीला आलेल्या डोक्याला तासन्‌तास राबवतं. हे सगळं नकलेवर करावं, मूळ डिस्कवर कधीच नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्लाही लोक अजून देतात. बाहेर काढल्यावर तबकड्यांवर दव धरतं, त्यामुळे तोही नको. आणि डिस्क टकटक असा ठरावीक आवाज करत असेल तर घरी काहीच करू नये, तशीच बंद ठेवून डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेत न्यावी. काकांची डिस्क शांत होती, फक्त अडखळत होती. तिच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदीत, म्हणजे स्मार्टमध्ये, १९७ क्रमांकाचा आकडा शून्याच्या बराच वर गेला होता. डिस्कवरचे जे सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे, वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचाय, त्यांचा हा आकडा.

डबी उघडून आतली डिस्क थेट डेस्कटॉपच्या साटा केबलला जोडली. डबीतलं यूएसबी कार्ड सेक्टर अडला की बऱ्याचदा स्वतःच गोठतं. इथं एक सावधगिरी लागते. काही डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड बोर्डवरच जोडलेलं असतं, तर काहींचं कार्ड डेटा कुलूपबंद करून लिहितं. अशी डिस्क कार्डापासून वेगळी केली तर काहीच वाचता येत नाही. काकांची साधी निघाली. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, कारण विंडोज डिस्क दिसताच आपणहून तिच्यात डोकावू लागतं. नवी डिस्क मुद्दाम दोन टेराबाइटची घेतली. एक तर इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली नक्कल, मावून वर जागा उरते, आणि आकार वेगळा असला की कुठून कुठे कॉपी करतोय याचा घोळ होत नाही. तरीही दोन्हींचे सिरियल नंबर कागदावर लिहून स्क्रीनवरच्या यादीशी ताडून बघितले. इथे उलटापालट झाली तर मागे फिरता येत नाही.

कामाचं हत्यार म्हणजे अँतोनियो दियाज दियाज यांचा जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम. साध्या कॉपी-पेस्टमध्ये एक सेक्टर अडला की विंडोज तिथंच घुटमळतं आणि शेवटी ती फाइल सोडून देतं. डीडीरेस्क्यू अडलेल्या जागेवरून उडी मारून पुढे जातो, सहज वाचता येतं ते आधी उचलतो, मग उलट्या दिशेनं येऊन राहिलेल्या पट्ट्यांच्या कडा कुरतडतो आणि हट्टी सेक्टरांशी सगळ्यात शेवटी झुंजतो. पहिल्या फेरीत मी 'एन' हा पर्याय देतो, म्हणजे त्या शेवटच्या झुंजीत तो पडतच नाही. काय वाचलं, काय राहिलं, याची नोंद तो मॅपफाइलमध्ये ठेवतो. मिरजेत मध्येच वीज गेली तेव्हा या मॅपफाइलचा उपयोग झाला. काम अडलं होतं तिथूनच सुरू झालं, पुन्हा पहिल्यापासून डिस्क घासावी लागली नाही. ही मॅपफाइल पेन ड्राइव्हवरून सुरू केलेल्या लिनक्सच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवू नका, नव्या डिस्कवर ठेवा.

धडधाकट एक टेराबाइट सेकंदाला १०० मेगाबाइटच्या वेगानं पावणेतीन तासांत निघतं. इथं मधूनच वेग शून्यावर यायचा, सगळे आकडे थांबायचे, काका माझ्याकडे बघायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा गाडी चालू व्हायची. डिस्क तापू नये म्हणून टेबल फॅन तिच्याकडे वळवून ठेवला होता. पहिली फेरी रात्री उशिरा संपली, तेव्हा जवळपास सगळं नव्या डिस्कवर आलं होतं. मग सेक्टरांशी झुंजायची परवानगी दिली. त्यातही बरंच निघालं, पण थोडं राहिलंच.

राहिलेलं नेमकं कोणत्या फाइलींत आहे, हे बघणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि बरेच जण तेच सोडून देतात. डीडीरेस्क्यूला भरणीचा एक पर्याय आहे. मॅपफाइलमध्ये ज्या जागा वाचता आल्या नाहीत असं लिहिलंय, तेवढ्याच जागा नकलेत एका ठरावीक खुणेच्या शब्दानं भरायच्या. मग इमेज फक्त वाचण्यापुरती जोडून सगळ्या फाइलींत तो शब्द शोधायचा. ज्या फाइलीत सापडेल ती जखमी, बाकीच्या शाबूत. यादी हाती आली की त्याच जागा पुन्हा शून्यांनी भरायच्या.

शून्यांनीच का, तर काकांची रेकॉर्डिंगं सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलींत होती. त्यात एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. ४०९६ बाइटांचा एक सेक्टर गेला, तर गेला तो सेकंदाच्या साधारण चाळिसाव्या भागाइतका आवाज, आणि शून्य म्हणजे तिथं शांतता. साध्या कॉपीनं तासाभराचं अख्खं रेकॉर्डिंग सोडून दिलं असतं. फोटोंचं तसं नसतं. जेपेगच्या मध्ये एवढीच जागा गेली तरी खालचा सगळा भाग करडा किंवा रंग विस्कटलेला दिसू शकतो. यादीत काकूंच्या भाचीच्या लग्नाचे काही फोटो तसे गेलेच. ते पाहुण्यांकडून मागवून घेतोय.

जखमी रेकॉर्डिंगांत एक जवारीचं होतं. काकांनी हेडफोन लावला. तार छेडली जाते, कानशीचे दोन हात, पुन्हा तार, कारागीर म्हणतो "अजून बंद आहे". तेवढ्यात काकांनी बोट वर केलं, "इथं काहीतरी टचकन गेलं." वेळ ताडून बघितली, जागा अचूक होती. सॉफ्टवेअरनं ती सांधता येईल असं मी म्हटलं, तर म्हणाले, "नको. तारेच्या आवाजात तुझं काही घालू नकोस. वहीत वेळ लिहून ठेवतो."

चेकडिस्क शेवटी चालवलं, इमेजच्या दुसऱ्या प्रतीवर. त्यानंतर फाइली साध्या फोल्डरांत उतरवल्या. एक प्रत मिरजेत, एक पुण्यात काकांच्या मुलीकडे. जुनी डिस्क फेकलेली नाही. सिरियल नंबर लिहिलेला कागद तिला गुंडाळून ठेवलाय आणि मॅपफाइल माझ्याकडेही आहे. उद्या प्रयोगशाळेचा खर्च करायचं ठरलं, तर नेमके कोणते सेक्टर हवेत ते तिथल्या माणसाला सांगता येईल.