आधी शेत, मग नदी

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की एकदा नीट बसून लिहायचं ठरवलं. प्रश्न असा, की लहान पोरांना घेऊन तुम्ही गावाबाहेर चार-पाच किलोमीटरची गोल चक्कर मारून येता, ते अर्ध्या वाटेत रडत नाहीत का, उचलून घ्या म्हणत नाहीत का, आमची तर एक किलोमीटरलाच बसकण मारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमचीही मारायची. फरक पडला तो फक्त दिशा बदलल्यामुळे.

आमची वाट कुठल्याही नदीकाठच्या गावात असते तशीच आहे. गावाजवळ नदीवर पूल, तिथे गाडी लावायची. पुलाच्या एका बाजूने काठाकाठाने वर जायचं, वर एक छोटा साकव आहे तिथून नदी सोडायची आणि शेतांमधल्या पायवाटेने फिरून परत पुलापाशी. पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यांसारखंच केलं, नदी समोर दिसतेय म्हटल्यावर आधी नदीकडेच वळलो. पहिला तास मस्त गेला, मुलगी आणि भाचा दोघंही पाण्यात दगड टाकत, चिखलात पाय घालत पुढे पळत होते, आणि साकवापासून नदी सुटली तसं सगळं बिनसलं. बूट ओले, मोजे चावायला लागले, समोर सरळ लांबलचक बांध, बघायला काही नाही, आणि पोरांना कळून चुकलं की मजा संपली आता नुसतं चालायचंय. भाच्याला शेवटचा दीड किलोमीटर खांद्यावर आणला. त्या दिवशी माझी आई आमच्याबरोबर होती, ती एवढंच म्हणाली की खाऊ आधीच देऊन टाकलात, आता पोरं कशाला चालतील.

पुढच्या वेळी तीच वाट उलटी घेतली. आधी शेतं. पोरांचे पाय ताजे असतात, सकाळचं ऊन कोवळं असतं, उघड्यावरचा भाग तेव्हाच संपवलेला बरा, आणि 'नदी कधी येणार' हा प्रश्न त्यांना पुढे ओढत नेतो. मग साकवापाशी नदी भेटते आणि तिथून पुढे पुलापर्यंत ती सोबत असते, झाडांची सावली असते, बूट भिजले तरी गाडी जवळ येतच असते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी मला आधी सुचलीच नव्हती ती ही की आता आपण पाण्याबरोबर चालतो. साकवावरून काडी टाकली की ती आपल्याच दिशेने निघते. मुलगी त्या काडीच्या मागे अख्खी वाट चालते, तिला आपण चालतोय हे जाणवतच नाही. प्रवाहाच्या उलट चालताना काडी टाकली की लगेच मागे जाते, खेळ तिथेच संपतो.

म्हणून माझं उत्तर इतकंच आहे, गोल वाट निवडा आणि नदी दुसऱ्या अर्ध्यात ठेवा, शक्यतो उतरत्या प्रवाहाबरोबर.

वेळेचा हिशोब मात्र मोबाईलवरच्या मॅपने करू नका. डोंगरात चालणारे लोक अजूनही नाइस्मिथचा नियम वापरतात, विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला, साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पण तो धडधाकट मोठ्या माणसांसाठी आहे. मी सरळ तिप्पट-चौपट धरते. आमच्या चार किलोमीटरला तीन तास लागतात आणि त्यातला अर्धा वेळ नुसतं उभं राहून बघण्यात जातो, तो वेळ वाया गेला असं मला कधीच वाटलं नाही.

बघायचं काय, हेही विचारतात. नदीची वळणं बघा! मला स्वतःला यातलं काही माहीत नव्हतं, मुलीने विचारलं की वाळू एकाच बाजूला का असते म्हणून शोधत गेले. प्रत्येक वळणावर आतल्या बाजूला वाळू-गोट्यांचा उथळ किनारा असतो आणि बाहेरच्या बाजूला खोल पाणी आणि कापलेला उभा काठ. याचं कारण चहाच्या कपात बघायला मिळतं. तळाशी पत्ती असलेला कप ढवळून सोडला तर पत्ती कडेला जायला हवी असं वाटतं, पण ती मधोमध गोळा होते, कारण फिरणारं पाणी बाहेर ढकललं जातं पण तळाशी घासून त्याचा वेग कमी झालेला असतो म्हणून तळाचं पाणी आत सरकतं आणि पत्तीला बरोबर नेतं. नदीच्या वळणावर हेच होतं, वरचं वेगवान पाणी बाहेरचा काठ खात जातं आणि तळाचं पाणी वाळू आतल्या बाजूला आणून टाकतं. आईनस्टाईनने १९२६ साली यावर लेख लिहिलाय, कपातल्या पत्तीपासून सुरुवात करून नद्या वाकड्या का होतात इथपर्यंत. मुलीला मी घरी कपात करून दाखवलं आणि पुढच्या चकरेत प्रत्येक वळण आलं की ती आधी ओरडून सांगायची, वाळू इकडे असणार, डोह तिकडे असणार, आणि बहुतेक वेळा बरोबर यायचं.

ही नुसती गंमत नाही. खेळायचं ते नेहमी आतल्या बाजूला, बाहेरच्या काठाच्या टोकाला कधीच उभं राहायचं नाही, कारण तो काठ खालून पोखरलेला असू शकतो, वर गवत छान दिसतं आणि खाली माती नसते. आमच्याकडे पोरांना हा एकच नियम तोंडपाठ आहे.

पाण्याच्या बाबतीत मी खूप कडक आहे आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. जोरात वाहणारं पाणी फक्त १५ सेंटीमीटर खोल असलं तरी मोठ्या माणसाचे पाय सुटू शकतात, म्हणजे जेमतेम घोट्याच्या वर. म्हणून आधी काडी टाकून बघायची, दहा पावलांच्या अंतरात ती आपल्या चालण्यापेक्षा पुढे पळत असेल तर त्या दिवशी पाण्यात कोणी पाय घालायचा नाही, काठावरूनच खेळायचं. आणि आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वर कुठेतरी पाऊस झाला तर पाणी वाढतं, त्यामुळे पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, आवाज बदलला की खेळ तिथल्या तिथे सोडून उंचावर यायचं. आमच्यावर एकदा ही वेळ आली, पोरं खूप रडली, मी ऐकलं नाही.

आणखी एक शिकवून ठेवा, डावा काठ उजवा काठ. पाणी जिकडे चाललंय तिकडे तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताचा तो डावा, आपण फिरलो तरी नाव बदलत नाही. धरणाचा डावा कालवा उजवा कालवा म्हणतात तेही याच हिशोबाने. कोणी मागे राहिलं तर हाक मारून सांगता येतं की कुठल्या काठाला ये.

बाकी मग शांत बसलात तर खंड्या दिसतो, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर. लव्हाळ्यावर बसलेला किडा चतुर की टाचणी हे ओळखायला पोरांना फार आवडतं, बसल्यावर पंख आडवे पसरून ठेवतो तो चतुर, पंख मिटून पाठीवर घेते ती बहुतेक वेळा टाचणी. दोघांचंही लहानपण पाण्यात जातं.

वाट निवडताना मी एकच गोष्ट बघते, शेताच्या बाजूने मधूनच नदीकडे उतरणारी एखादी आडवाट आहे का. गोल वाटेची खरी अडचण ही की अर्ध्याच्या पुढे गेल्यावर मागे फिरण्यात काही अर्थ नसतो. आडवाट असली की तिथे थांबून पोरांचे चेहरे बघायचे आणि ठरवायचं, पूर्ण की छोटी. छोटी घेतली तरी नदी मिळतेच. तान्हं बाळ असेल तर बाबागाडीचा विचार सोडा, बांधावर चाकं चालत नाहीत, झोळीसारखं अंगावर बांधून घ्या. शेतातून एकामागे एक चाला आणि फाटक जसं असेल तसंच ठेवून पुढे जा, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

फक्त संध्याकाळी निघालो तर मी हे सगळं उलटं करते. अंधार पडताना पोरं पाण्याजवळ नकोत, म्हणून उजेड आहे तोवर नदी आणि परतताना शेतं. तेव्हा काडी आपल्याबरोबर येत नाही. मुलगी साकवावर उभी राहून एक काडी निवडून सोडते, ती दिसेनाशी झाली की शेतातल्या वाटेला लागते आणि मग तिला घाई असते, काडीच्या आधी पुलावर पोचायची. अजून एकदाही ती काडी आम्हाला सापडलेली नाही. पण पुलाच्या कठड्यावरून वाकून बघितल्याशिवाय ती गाडीत बसत नाही आणि तोपर्यंत तिच्या पायांना थकायचं सुचत नाही.