बोलणे कधी झाले?

“मंग या दोघाइचं बोलनं कवा झालं, ताई?” धुऱ्यावर शिदोरी सोडताना वहिनींनी विचारले. मी त्यांना रेबेका यारोस यांच्या ‘फोर्थ विंग’ (२०२३) या कादंबरीची गोष्ट सांगत होते.

जिचे सांधे सहज निखळतात, ती व्हायोलेट अरुंद दगडी कठड्यावरून चालत ड्रॅगनस्वारांच्या महाविद्यालयात शिरते, तो प्रसंग मला फार आवडला. नायक झेडनशी जुळणाऱ्या तिच्या प्रेमाचे मात्र तसे नाही. ज्याच्या बंडखोर वडिलांच्या देहदंडाला तिची सेनापती आई कारणीभूत, त्याचा राग इतक्या लवकर ओढीत बदलतो, की देखणेपणाखेरीज दुसरे कारण सापडत नाही.

तरीही पुढचा भाग मी मागवला आहे (पार्सल तालुक्यापर्यंतच येते), कारण तिच्या ड्रॅगनचे खवचट बोलणे मला त्या प्रेमापेक्षा अधिक खरे वाटले.