टीबीच्या जंतूला घाई नसते

नेट-जेआरएफचा, म्हणजे पीएचडीच्या फेलोशिपच्या परीक्षेचा निकाल लागला की ज्युनियर मुलामुलींचे मेसेज सुरू होतात, ताई लॅब कशी निवडायची, गाइड कसे आहेत, पेपर किती निघतात, रविवारी यावं लागतं का वगैरे. विचारा की, सगळं विचारा. पण माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे, कुठला जीव वाढवणार आहेस? कारण पुढची पाच-सहा वर्षं तुझं घड्याळ तोच चालवणार आहे, गाइड नाही. ई. कोलाय, म्हणजे लॅबमधला नेहमीचा आतड्यातला जंतू असेल तर मजा आहे, रात्री कल्चर म्हणजे जंतू वाढवायला लावायचं, सकाळी येऊन बघावं तर फ्लास्क गढूळ. चांगला मीडिया, म्हणजे जंतूंचं खाद्य मिळालं तर तो 20 मिनिटांत दुप्पट होतो. आमचा मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलॉसिस म्हणजे टीबीचा जंतू, याला एकाचे दोन व्हायला 18 ते 24 तास लागतात. हिशोब करून बघा, एका पेशीच्या दहा लाख व्हायला साधारण 20 डबलिंग लागतात, कोलायवर काम करणारा मित्र तेवढं सात तासांच्या आत उरकून चहाला जातो आणि आम्हाला त्यालाच जवळपास तीन आठवडे.

आणि हे नुसतं वाढण्याचं झालं. औषध दिल्यावर किती जंतू जिवंत राहिले ते मोजायचं तर डायल्यूशन म्हणजे पातळ करून खाद्याच्या प्लेटवर पसरायचं आणि वाट बघायची. एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके, म्हणजे कॉलनी, नीट मोजण्याइतक्या दिसायला तीन-चार आठवडे जातात. तोवर त्या प्लेट सुकू नयेत म्हणून पिशव्यांत बंद करून इनक्युबेटरमध्ये 37 डिग्रीला, आणि पावसाळ्यात वरून बुरशीची धास्ती. बुरशीला आपल्यासारखी शिस्त नाही, ती दोन दिवसांत पूर्ण प्लेट खाऊन मोकळी होते. म्हणजे आज लावलेला प्रयोग बिघडला हे कळणार पुढच्या महिन्यात, आणि दुरुस्त करून परत लावला की त्याचं उत्तर त्याच्या पुढच्या महिन्यात. त्यामुळे आमच्याकडे लोक हाताने कमी आणि कॅलेंडरने जास्त काम करतात. दिवाळीच्या आधी प्लेटिंग असेल तर भाऊबीजेला मोजायला कोण थांबणार हे गणपतीतच ठरलेलं असतं, खोटं नाही सांगत.

तरी हा जीव नुसता हळू असता तर चाललं असतं, तो गुठळ्याही करतो. अंगावर मेणासारखं जाड आवरण असतं त्यामुळे पेशी एकमेकींना चिकटून बसतात, मीडियात ट्वीन 80 हे साबणासारखं रसायन घाला, सिरिंजच्या बारीक सुईतून दोन-चारदा काढा, तरी तळाशी कणीदार साका दिसतोच. आणि गुठळी म्हणजे शंभर पेशींची एकच कॉलनी, मग तुमच्या आकड्याला काय अर्थ राहिला.

हे सगळं करायचं बीएसएल-3 मध्ये, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीच्या बंदिस्त लॅबमध्ये. एका मागोमाग दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, आतली हवा बाहेर येऊ नये म्हणून दाब कमी ठेवलेला, अंगात कव्हरऑल, दुहेरी ग्लोव्ह्ज, तोंडाला एन 95. आत जायच्या आधी पाणी बेताने प्यायचं कारण मध्येच बाहेर येणं म्हणजे सगळं उतरवून परत चढवणं. आतला कागद बाहेर येत नाही, मग ओडीचे, म्हणजे कल्चर किती गढूळ झालं त्याचे आकडे वहीत लिहून ती वही काचेला चिकटवून धरायची आणि बाहेर उभ्या असलेल्या कुणीतरी मोबाइलवर फोटो काढायचा. माझ्या थिसिसमधले कितीतरी ग्राफ मुळात असे काचेपलीकडून काढलेले हललेले फोटो आहेत. फोटो काढणारा जेवायला गेला असेल तर वही धरून नुसतं उभं राहायचं, हाका मारून उपयोग नाही.

आता यात रडगाणं किती आणि खरं किती असं कुणी म्हणेल, तर खरी गोष्ट अशी की हा संथपणा हाच माझा विषय आहे. टीबीचं औषध साधारणपणे सहा महिने का घ्यावं लागतं? पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने त्यातली तीन. बऱ्याचशा औषधांचा मारा वाढणाऱ्या जंतूवर जास्त बसतो, आणि यातले काही निवांत पडून राहतात, वाढतच नाहीत, म्हणून मरतही नाहीत. खोकला थांबला, वजन वाढलं की पेशंटला वाटतं झालं, आणि गोळ्या सुटतात. म्हणजे त्याचे सहा महिने आणि माझी सहा वर्षं, गुन्हेगार एकच.

आत्या सांगलीची, तिला हे एकदा समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, सहा महिने म्हणजे काहीच नाही, आमच्या एका काकांना वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये वर्षाच्या वर ठेवलं होतं." बरोबरच होतं तिचं. तेव्हा हवापालट आणि विश्रांती हाच उपचार होता. मग मद्रासला 1956 मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात अर्धे पेशंट सॅनेटोरियममध्ये आणि अर्धे घरीच ठेवून तीच औषधं दिली, आणि 1959 मध्ये निकाल आला की घरचेही जवळपास तितकेच बरे झाले, ते पण दाटीवाटीच्या घरात आणि बेताच्या खाण्यावर. जगभरातली सॅनेटोरियम ओस पडण्यात या अभ्यासाचा मोठा हात आहे, आणि आपल्याकडे हे शाळेत कुणी शिकवत नाही याचा मला राग येतो.

टीबीवर चालणारं पहिलं अँटिबायोटिक, स्ट्रेप्टोमायसिन, ते तर एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने शोधलं. अल्बर्ट शॅट्झ, 1943, अमेरिकेतलं रटगर्स, वय 23. टीबीचा जंतू वरच्या मजल्यावर नको म्हणून त्याला तळघरात जागा दिलेली, आजच्यासारखी संरक्षणाची सोय काहीच नाही. 1952 चं नोबेल मिळालं त्याच्या गाइडला, सेलमन वॅक्समनला, एकट्याला. त्याआधीच शॅट्झ कोर्टात गेला होता आणि तडजोडीत त्याला सहशोधक म्हणून मान्यता मिळाली, पण नोबेल नाही ते नाहीच. ऑथरशिपवरून, म्हणजे पेपरवर कुणाचं नाव यावरून लॅबमध्ये कुरबूर झाली की कुणीतरी शॅट्झचं नाव काढतंच.

पैशाचं विचाराल तर 2023 पासून जेआरएफ महिना 37,000 आणि दोन वर्षांनी एसआरएफ म्हणजे सीनियर फेलोशिप झाली की 42,000, वर घरभाडं. पुण्यात एकट्या माणसाचं भागतं. अडचण दुसरीच आहे, फेलोशिप दोन अधिक तीन अशी पाच वर्षं आणि यूजीसीच्या 2022 च्या नियमात पीएचडीला कमाल मुदत सहा वर्षं, बाईमाणसाला वर दोन वर्षांची सवलत. सहाव्या वर्षी जंतू तसाच वाढतो, त्याच वेगाने, फक्त भाडं घरून मागायचं. आमच्या एका सीनियरला एक्सटेन्शनचा फॉर्म भरायचा होता, त्यात विलंबाचं कारण असा एक रकाना होता. त्याने बरंच काय काय खरडून खोडलं आणि शेवटी सरळ जंतूचा डबलिंग टाइम लिहून दिला. मंजूर झालं.