अर्ध्या रिकाम्या बसची गोष्ट

रोज सकाळी लेकीची पिवळी बस आमच्या कोपऱ्यावर येते. अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडला येऊन आता सहा वर्षं झाली, तरी ती बस थांबली की दोन्ही बाजूंची वाहतूक मुकाट थांबते, याचं मला अजून अप्रूप वाटतं. गेल्या महिन्यात फार्मव्हिलला जाऊन आल्यापासून मात्र बस दिसली की एक दुसरीच मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते.

फार्मव्हिल आमच्यापासून गाडीने सव्वा तासावर. प्रिन्स एडवर्ड काउंटीचं मुख्य गाव, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाण म्हणा ना. मुलूख तंबाखूच्या शेतीचा. तिथे मोटन हायस्कूलची जुनी विटांची इमारत आहे, तिचं आता संग्रहालय झालंय. 1939 साली 180 मुलांसाठी बांधलेली ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा. 1951 पर्यंत पटावर साडेचारशेच्या वर मुलं गेली. तेव्हा काउंटीने काय केलं, तर आवारात लाकडी खोपटी उभी केली आणि त्यांना डांबरी कागद ठोकला.

डांबरी कागद मला नवा नाही. आमच्या गावी पावसाळ्याआधी गोठ्यावर घालायचे. इथे त्याच्याखाली पोरं बीजगणित शिकत होती. शेगडीजवळचं मूल घामाघूम, कोपऱ्यातलं अंगात कोट घालून कुडकुडतंय. पावसात छप्पर गळायचं, तेव्हा मुलं वर्गात छत्री उघडून बसायची. आणि त्याच गावात गोऱ्या मुलांच्या शाळेला व्यायामशाळा, कॅफेटेरिया, प्रयोगशाळा, सगळं होतं.

बार्बरा जॉन्स याच शाळेत होती. एका सकाळी धाकट्या भावंडांची तयारी करता करता तिचा स्वतःचा डबा घरीच राहिला. तो आणायला ती परत पळाली, तेवढ्यात बस निघून गेली. कोणी गाडीत घेईल म्हणून ती रस्त्याच्या कडेला ताटकळत उभी राहिली, आणि समोरून गोऱ्या मुलांची बस गेली. अर्धी रिकामी. तिने हे पुढे स्वतःच लिहून ठेवलंय. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं, आता बास.

तिने मोजक्या सवंगड्यांना गोळा केलं. कित्येक महिने गुपचूप बैठका चालल्या, घरच्यांनाही पत्ता नव्हता. 23 एप्रिल 1951, सोमवार. मुख्याध्यापकांना फोन गेला की आपली काही मुलं बस स्टँडवर पोलिसांच्या कचाट्यात सापडणार आहेत. ते तातडीने निघाले. इकडे प्रत्येक वर्गात चिठ्ठी आली, सगळ्यांनी सभागृहात जमावं. खाली मुख्याध्यापकांच्या सहीसारखा ‘जे’. त्यांचं आडनाव जोन्स, हिचं जॉन्स! पडदा सरकला, तर मंचावर सोळा वर्षांची बार्बरा. तिने शिक्षकांना बाहेर जायची विनंती केली, पायातला बूट काढून बाकावर आपटला असं सांगतात, आणि मुलांना म्हणाली की चला, संप. साडेचारशे मुलं उठून बाहेर पडली.

ते सभागृह अजून आहे. मंच फारसा उंच नाही. मी तिथे बराच वेळ बसून राहिले.

मुलांची मागणी नव्या इमारतीची होती. त्यांनी रिचमंडला एनएएसीपीच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या, वकिलांना पत्र लिहिलं. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन आले आणि म्हणाले, आम्ही लढू, पण फक्त चांगल्या शाळेसाठी नाही; गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळाच नकोत, असा दावा लावणार असाल तर. मुलं आणि पालक तयार झाले. 117 विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. पुढे तो सर्वोच्च न्यायालयात शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या ब्राउन खटल्यात इतर चार दाव्यांबरोबर जोडला गेला, आणि 17 मे 1954 रोजी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. पाचही दाव्यांत मुलांनी स्वतः उठून सुरू केलेला हा एकच.

बार्बरा तोवर गावात राहिली नव्हती. तिच्या जिवाला धोका आहे असं वाटून आईवडिलांनी तिला अलाबामात मॉन्टगोमेरीला काकांकडे पाठवलं. सोळा वर्षांची पोर अशी दूर धाडताना त्या आईचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढे बार्बरा फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाली आणि 1991 साली गेली. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधून, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनातून, यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचे सेनापती जनरल रॉबर्ट ली यांचा पुतळा 2020 साली हलवला, तेव्हा व्हर्जिनियाने त्या जागेसाठी तिची निवड केली.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपवतात. मला ते पटत नाही.

न्यायालयाने एकत्र शिकवा असं बजावल्यावर प्रिन्स एडवर्ड काउंटीने 1959 साली सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीच नाही. सतराशेच्या आसपास मुलं. चर्चच्या तळघरांत बायका जमेल तेवढं शिकवायच्या. काहींना दुसऱ्या राज्यांत अनोळखी कुटुंबांकडे ठेवलं. कितीतरी शेतावर राबायला लागली आणि परत कधीच शाळेत गेली नाहीत. 1963 मध्ये देणग्यांवर मोफत शाळा उघडल्या, सरकारी शाळा न्यायालयाच्या आदेशानंतर 1964 मध्ये. ज्यांना पहिलीत जायचं होतं ती मुलं दहाव्या वर्षी प्रथम वर्गात बसली. या मुलांनीही हा लढा लढलाय, संप न करता, आणि त्यांची नावं कोणी घेत नाही. बार्बराचं नाव घेताना मला ती सगळी तिच्यामागे उभी दिसतात.

परतताना गाडीत लेक गप्प होती. ती चौथीत आहे. थोड्या वेळाने मागच्या सीटवरून तिचं बोटं मोजणं ऐकू आलं. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.

“आई, म्हणजे मी अजून एकदाही शाळेत गेले नसते?”

“नाही गं.”

“मला वाचता आलं असतं का?”